आश्रम रिकामा व्हावा म्हणून

नवीन पनवेल मागे टाकून सुकापूरमार्गे नेऱ्याकडे निघाले की समोर माथेरानचा डोंगर आडवा येतो आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फलक लागतात: एनए प्लॉट, बंगले, फार्महाऊस, विमानतळ किती मिनिटांवर. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ला झाले, पण या पट्ट्यातल्या जमिनीचा भाव त्याच्या कितीतरी आधी चढला होता. ज्या काळी इथे जागा घ्यायला कोणी फिरकत नसे, त्या काळापासून नेऱ्यात कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. धर्मप्रचाराशी त्याचा संबंध नाही. पुढे, नेऱ्याजवळच्या वांगणी गावात (बदलापूरच्या पुढचे स्टेशन ते वेगळे) सील आश्रम उभा राहिला. 'सोशल अँड इव्हँजेलिकल असोसिएशन फॉर लव्ह' हे त्याचे पूर्ण नाव, आणि पास्टर के. एम. फिलिप हे संस्थापक. मुंबईच्या फलाटांवर, पुलांखाली, रस्त्याकडेला पडलेल्या बेवारस माणसांना आणायचे, जखमा धुवायच्या, औषधपाणी करायचे, बोलते करायचे आणि घरचा पत्ता लागला की घरी पोहोचवायचे, असे या आश्रमाचे काम. सुवार्ता नावातच आहे, ती कुठे लपवलेली नाही.

ख्रिस्ती सेवेत नम्रता कशी टिकवायची, या विषयावर पाळकांच्या शिबिरांतून बरेच बोलले जाते. बोलण्याचा सूर बहुतेक वेळा एकच: सेवकाने मन नम्र ठेवावे, गर्व टाळावा, प्रार्थनेत राहावे. हे सगळे खरे असेल, पण त्याने काही हाती लागत नाही. मन कोणाला दिसते? मला वाटते, नम्रता शोधायची असेल तर सेवकाच्या चेहऱ्यावर न शोधता संस्थेच्या कारभारात शोधावी. हिशेब कोण पाहतो, सेवकाला 'नाही' कोण म्हणू शकतो, आणि ज्याची सेवा चालली आहे त्याला उठून निघून जाता येते का? हा तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेऱ्याच्या या दोन शेजाऱ्यांकडे पाहताना तोच पुन्हा पुन्हा समोर येतो.

कुष्ठरोगाचे उदाहरण घ्या. हिंदुस्थानात ख्रिस्ती सेवा म्हटले की कुष्ठधाम डोळ्यांपुढे येते, त्याला कारण आहे. वेलस्ली बेली यांनी १८७४ साली सुरू केलेल्या कुष्ठरोग मिशनचे काम पुढे महाराष्ट्रात अचलपूरजवळच्या कोठाऱ्यात, मिरजेत, आपल्या रायगडातल्याच पोलादपुरात पसरले. ज्यांना घरच्यांनी वेशीबाहेर काढले त्यांना या लोकांनी उचलले, यात वाद नाही. पण त्या काळचे कुष्ठधाम म्हणजे एकदा आत आलेल्याने तिथेच जगायचे आणि तिथेच मरायचे, बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे. औषधच नव्हते, तेव्हा दुसरा मार्गही नव्हता. मात्र त्यातून एक सवय लागली. रोगी कायमचा, म्हणून सेवकही कायमचा. त्याचे दुःख हा सेवकाच्या पाचारणाचा आधार. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि हा आधारच हलला. सहा महिने ते दोन वर्षांच्या गोळ्यांनी रोग बरा होऊ लागला. डिसेंबर २००५मध्ये देशात दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठल्याचे सरकारने म्हटले. रोग संपलेला नाही, नवे रुग्ण अजून सापडतात, झडलेल्या बोटांचे प्रश्न आहेतच. पण आयुष्यभर माणूस सांभाळणाऱ्या वसाहतीची गरज आटली.

अशा वेळी संस्थेने काय करायचे? शांतिवनात वृद्धाश्रम आला, आदिवासी मुलांसाठी आश्रमशाळा आली; डोंगराच्या पायथ्याच्या ठाकूर-कातकरी वाड्यांकडे पाहिले की शाळेची गरज समजावून सांगावी लागत नाही. मिशनच्या काही रुग्णालयांनी वाकड्या बोटांवरच्या शस्त्रक्रिया हाती घेतल्या, काहींनी सर्वसाधारण रोग्यांना दारे उघडली. हे बदल कोणी टाळ्या घेण्यासाठी केले नसावेत. आपण ज्यासाठी जन्मलो ते काम संपत आले, हे मान्य करायला संस्थेला जी ताकद लागते तिला मी नम्रता म्हणतो. हेतू आणि नम्रता या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून शिकवल्या जातात, इथे मात्र त्या एकच होतात. हेतू स्पष्ट असेल तर तो पुरा झाल्याचे कळते. तो धूसर असला की संस्था स्वतःलाच हेतू समजू लागते, मग नवा वॉर्ड, नवी इमारत, नवी कोनशिला.

उलट चित्र आपल्या शहरांत फलकांवर रोज दिसते. उपवास-प्रार्थनेचा फ्लेक्स, मधोमध पाळकसाहेबांचा कोट-टायमधला फोटो, नावापुढे 'अपोस्टल', त्यापुढे मानद 'डॉक्टर', आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरांत 'प्रभूचा नम्र सेवक'. या प्रकाराची थट्टा करणे सोपे आहे, म्हणून फार करत नाही. तो फक्त ख्रिस्ती माणसांचा दोषही नाही. ज्या महाराष्ट्रात तुकोबांनी देवाकडे लहानपण मागितले त्याच महाराष्ट्रात महाराजांच्या वाढदिवसाला कमानी उभ्या राहतात. आणि त्याच महाराष्ट्रात गाडगेबाबांनी धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः फुटके गाडगे घेऊन रस्त्यावरच राहिले. फलकावरचा गर्व निदान उघड असतो. त्यापेक्षा धोकादायक गर्व साध्या कपड्यांत फिरतो.

जाँ वानिए यांचे प्रकरण मला त्यासाठी महत्त्वाचे वाटते. फ्रान्समधल्या त्रोली गावात १९६४ साली त्यांनी मतिमंद माणसांसोबत एका घरात राहायला सुरुवात केली आणि त्यातून 'लार्श' ही चळवळ जगभर पसरली. आपल्याकडे 'आशा निकेतन' नावाने तिची घरे आहेत. उंच, किंचित वाकलेला, हळू बोलणारा हा माणूस. त्यांची पुस्तके पाळकांच्या शेल्फवर असत आणि नम्रतेचा विषय निघाला की त्यांचे नाव निघे. २०१९मध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी लार्शने नेमलेल्या चौकशीत निष्पन्न झाले की आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली त्यांनी सहा स्त्रियांचे लैंगिक शोषण केले होते. २०२३च्या विस्तृत अहवालात हा आकडा किमान पंचवीसवर गेला. त्यांचे साधेपण ढोंग होते असे म्हणून मोकळे होता येत नाही. मला वाटते ते खरे साधेच राहत होते, आणि त्या साधेपणामुळेच त्यांना प्रश्न विचारावासा कोणाला वाटला नाही. सेवकाची नम्रता लोकांच्या तोंडाला कुलूप लावू शकते. 'इतका निगर्वी माणूस' असे म्हणायला लागलो की आपण वही तपासणे सोडतो.

या प्रकरणात एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी घडली. संस्थेने आपल्याच संस्थापकाविरुद्धची चौकशी आपणच करवून घेतली आणि निष्कर्ष आपणच जगापुढे मांडला. माणूस मोठा ठरला असता तर संस्थेच्या झोळीत अधिक पडले असते, तरीही. संस्थापकाच्या फोटोपेक्षा घरात राहणारी माणसे मोठी, असे त्या दिवशी संस्थेने ठरवले. नेऱ्यासारख्या ठिकाणी, जिथे एका माणसाच्या ध्यासातून आश्रम उभा राहतो, तिथे हा प्रश्न विशेष टोकदार होतो. पुष्कळ आश्रम संस्थापकाच्या नावावर चालतात, देणगी त्याच्या शब्दावर येते, कार्यकर्ते त्याच्या डोळ्यांकडे पाहून कामाला लागतात. त्याला कोण अडवणार? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५०चा आहे, धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जातात, पण हिशेबाचा कागद माणसाला प्रश्न विचारत नाही. तो विचारायला विश्वस्त मंडळात असा एक तरी माणूस लागतो, जो संस्थापकाचा नातेवाईक नाही, शिष्य नाही आणि त्याच्या मंडळीचा सभासदही नाही. शक्य असेल तर आश्रमातून बरा होऊन गेलेला एखादा.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत या बाबतीत सर्वांत धीट पाऊल टाकले ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ते अमेरिकन मराठी मिशनच्या कामात शिरले. मिशनरी साहेब आणि देशी ख्रिस्ती यांच्यातले मायबाप-लेकराचे नाते त्यांना सलत राहिले. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यस्त वृत्तीने राहायचे ठरवले आणि 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही त्यात बसू शकत होते. पगार सोडणे म्हणजे नुसता त्याग नव्हे, तो अधिकाराचा सौदा नाकारणे होते. ज्याच्या हातून पगार येतो तो धन्याच्या हिशेबात आत्मे मोजायला लावतो, हे टिळकांना कळले होते.

पण टिळकांची गोष्ट त्यांच्या बाजूनेच सांगायची आपल्याला सवय आहे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' १९३४पासून भागाभागाने आली आणि घरातली बाजू उजेडात आली. टिळकांच्या हातात पैसा ठरत नसे. कोणी मागितला की दिला, कोणी आला की घरी ठेवला. आलेल्याच्या पानात वाढायचे मात्र लक्ष्मीबाईंनी. त्या हे हसत सांगतात, त्यामुळे आपणही हसतो आणि पुढे जातो. मला ते हसे थोडे थांबून ऐकावेसे वाटते. नवऱ्याच्या अपरिग्रहाची किंमत बायकोने डब्यातल्या तांदळाने चुकवली. पाळकाच्या घरी आजही हेच चालते. पाळकीणबाईंना पगार नसतो, पद नसते, पण महिला मंडळ, रविवारची शाळा, पाहुण्यांचा चहा आणि आजाऱ्यांची विचारपूस हे सगळे त्यांच्या वाट्याला. सेवक नम्र आहे की नाही हे त्याच्या घरच्यांना विचारावे, असे म्हणतात. मी म्हणेन, त्याने आधी घरच्यांना विचारावे, मगच झोळी घ्यावी.

आता अवघड प्रश्नाकडे येतो. भुकेल्याला अन्न देणारा आणि धर्म सांगणारा एकच माणूस असेल तर काय?

पंडिता रमाबाईंच्या चरित्रात याचे दोन्ही बाजूंचे पुरावे सापडतात. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन काढले. पैसा अमेरिकेतून येत होता आणि धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील असा करार होता. पुढे सदन पुण्याला गेले. ख्रिस्ती झालेल्या रमाबाई स्वतः प्रार्थना करत तेव्हा खोलीचे दार उघडे असे, मुली येऊन बसत. त्यावरून पुण्यात वादळ उठले. १८९३मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळ बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. 'केसरी'ने रमाबाईंना झोडपले. आपल्याकडे या वादाचा निकाल एकतर रमाबाईंच्या नाहीतर टिळकांच्या (हे लोकमान्य) पदरात टाकतात. मला त्यात तिसरीच गोष्ट दिसते. पुण्यात मुलींना न्यायला पालक होते. दार आत यायला उघडे होते तसे बाहेर जायलाही होते, आणि मुली गेल्यासुद्धा. सत्ता रमाबाईंच्या एकटीच्या हाती नव्हती.

पुढे केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून, १९००च्या सुमारास गुजरातेतून रमाबाईंनी शेकडो मुली, विधवा आणल्या आणि अक्षरशः मरणातून ओढून काढल्या. कुंटणखान्यांचे दलालही त्याच दुष्काळात त्याच मुली गोळा करत फिरत होते, हे विसरून केडगावचा न्याय करू नये. मुक्ती उघडपणे ख्रिस्ती होते, आता तटस्थतेचा करार नव्हता, आणि तो आव न आणणे हा प्रामाणिकपणाच होता. पण या मुलींना न्यायला कोणी येणार नव्हते. ज्याला जायला जागाच नाही त्याचा होकार किती होकार धरायचा? मी रमाबाईंचा चाहता आहे. त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणले, ते केडगावच्या मुलींनी छापखान्यात जुळवले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ साली ते पुरे बाहेर आले. एवढे काम एका बाईने उभे केले. तरीही पुण्यातल्या रमाबाई केडगावच्या रमाबाईंपेक्षा अधिक सुरक्षित होत्या असे मला वाटते. सुरक्षित म्हणजे स्वतःच्या चांगुलपणापासून सुरक्षित. पुण्यात त्यांना रोखणारे होते, आणि त्या रोखणाऱ्यांनी त्यांना कितीही छळले असले तरी त्यांच्या सेवेला त्यांनी एक कुंपण घातले होते.

शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ साली तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला, आनंदीबाई झाली आणि पुढे कर्व्यांच्या विधवाश्रमासाठी दारोदार वर्गणी मागत फिरली. ती ख्रिस्ती झाली नाही. चर्चच्या नोंदवहीत तिची नोंद शून्य. रमाबाईंच्या सेवेचे मला दिसणारे सर्वांत मोठे फळ मात्र हेच, जे सदनाच्या बाहेर जाऊन दुसऱ्याच्या अंगणात लागले.

म्हणून नेऱ्याच्या आश्रमाकडे बघताना मी आधी विचारेन, किती गेले? आत किती आहेत हे नंतर. पास्टर फिलिप यांच्या कामाचा मला भावणारा भाग म्हणजे घरवापसी. शब्द राजकारण्यांनी बिघडवला असला तरी इथे तो मूळ अर्थाने वापरतो. शेजारच्या कर्जतमध्ये डॉ. भरत वाटवानी यांचे श्रद्धा पुनर्वसन केंद्र रस्त्यावरच्या मनोरुग्णांसाठी हेच करते. त्यासाठी त्यांना २०१८चा मॅगसेसे मिळाला. गोळ्यांनी माणूस सावरतो, एक दिवस गावाचे नाव आठवते, जिल्हा आठवतो, मग कार्यकर्ता त्याला घेऊन दोन-तीन दिवसांच्या रेल्वेप्रवासाला निघतो. या कामात सेवकाच्या हाती काही उरत नाही. जो बरा झाला तो बिहारच्या किंवा बंगालच्या गावात निघून गेला. तो रविवारी उपासनेला येणार नाही, साक्ष द्यायला उभा राहणार नाही. १९५९च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने सरकारने अशा माणसाकडे पाहण्याची जी तऱ्हा ठरवली, पकडा आणि कोंडा, तिच्या अगदी उलट ही तऱ्हा आहे.

इथे फोटोचा प्रश्न येतो. अशा सगळ्याच संस्थांकडे दोन फोटोंची जोडी असते: सापडला तेव्हाचा, जटा, जखमा, चिंध्या, आणि नंतरचा, दाढी केलेला, धुतलेल्या शर्टातला. घर शोधायला फोटो लागतोच, पोलिसांना लागतो, नातेवाइकांना लागतो. पण तोच फोटो देणगीच्या पत्रकावर गेला की काम बदलते. त्या माणसाने शुद्धीत असताना तो छापू दिला असता का? पवित्र गुरुवारी चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुतात. घरून स्वच्छ धुऊन आणलेले पाय असतात ते, आणि त्यात काही वावगे नाही, तो विधी आहे. २०१३मध्ये पोप फ्रान्सिस रोमच्या बालसुधारगृहात गेले, तिथे त्यांनी मुलींचे आणि मुसलमान मुलांचे पाय धुतले तेव्हा विधीला धार आली. पण येशूने पाय धुतले त्या माडीवर बाहेरचे कोणी नव्हते. कोण मोठा यावर भांडणारे बारा शिष्य, एवढेच होते. खऱ्या पायधुणीत कॅमेरा मावत नाही. नेऱ्याच्या टापूत जखमा धुणाऱ्या पोरांना हे शिबिरात शिकवावे लागत नाही. प्रश्न कार्यालयात बसून पत्रक तयार करणाऱ्यांचा आहे.

मात्र 'किती गेले' या मापाला मर्यादा आहे, आणि ती झाकणे बरोबर नाही. काहींना घरचे दारातून परत पाठवतात. वाटणी झालेली असते, बायकोने दुसरे घर केलेले असते, भावाला वेडा भाऊ नको असतो. काहींना गाव आठवतच नाही. त्यांच्यासाठी आश्रम हेच घर, आणि घर म्हटले की तिथे राहणाऱ्याचा त्यावर हक्क आला. जमिनीला आजचा भाव आलेला असताना हा हक्क फार नाजूक होतो. मिशनच्या जुन्या कंपाउंडांचे काय झाले ते महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला सांगायला नको. गोऱ्या मिशनऱ्यांनी ठेवलेल्या बंगल्यांवरून आणि मैदानांवरून कोर्टात पिढ्या गेल्या. दोघेही पक्ष प्रभूच्याच नावाने वकीलपत्र देतात. नेऱ्यात उद्या कोणी बिल्डर विश्वस्तांपुढे कोरा चेक ठेवेल, तेव्हा ज्यांना नाव-गाव नाही त्यांच्या वतीने कोण बोलणार हे आज संस्थेच्या घटनेत लिहून ठेवलेले असावे. तेव्हाच्या विश्वस्तांच्या सद्भावनेवर ते सोडू नये.

आणि यातले काही तिथेच मरतात. नोंदीत नाव आश्रमाने दिलेले, धर्म माहीत नाही. त्याला मूठमाती कोणत्या पद्धतीने द्यायची? मी ही चर्चा ख्रिस्ती मित्रांमध्ये काढली की वातावरण गरम होते. एक म्हणतो, शेवटी आम्हीच त्याला आपले म्हटले, मग आमच्या रीतीने पुरण्यात गैर काय. मला ते पटत नाही. कायदा आणि जागा परवानगी देतील तसे द्यावे, पण त्याच्या डोक्याशी क्रूस उभा करू नये आणि वार्षिक अहवालात त्याला प्रभूकडे आलेला म्हणून मोजू नये. प्रार्थना करायची तर सेवकांनी आपल्यासाठी करावी, दुःख त्यांनाही असते. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला राजा भुकेल्याला, उघड्याला, तुरुंगातल्याला कोणता धर्म असे विचारत नाही. आणि ज्यांनी त्यांना खाऊ घातले त्यांना तर आपण कोणाची सेवा केली याचा पत्ताच नसतो, ते राजालाच उलट विचारतात की हे आम्ही केले तरी कधी. ज्या पाळकांना माझे म्हणणे मान्य नाही त्यांनी याच अध्यायावरून मला चूक ठरवून दाखवावे.